मी, खाष्टची बरणी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझ्याकडे बघून नाक मुरडायचं नाही. मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझ्या ओठाचा एका बाजूला टवका उडालेला आहे, मूळचं झाकण कधीच फुटलं, आणि तळाच्या काचेत एक बुडबुडा अडकलेला आहे, तो जन्मापासूनचा. एवढं सगळं असूनही मी आज एका प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या फळीवर, अगदी मानाच्या जागी बसले आहे. माझ्या पोटात कोळी राहतात. घाबरू नका. ते बाहेर येत नाहीत, आणि आलेच, तर काय होतं तेच आज तुम्हाला सांगणार आहे. आज मला ते आठवून हसू येतं. त्या दिवशी मात्र माझी काच नुसती भीतीनेच तडकायची बाकी होती.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. वाळू आणि सोडा भट्टीत वितळवतात, तो लालभडक रस साच्यात सोडतात आणि आत हवा फुंकतात. माझ्या वेळी फुंकणाऱ्या कारागिराला ठसका लागला असावा, म्हणून तो बुडबुडा राहिला. तपासनिसाने मला उजेडासमोर धरलं, बुडबुडा पाहिला आणि तोंड वाकडं केलं. शेजारीच फुटक्या काचांचा ढीग होता. माझी गठडी तिथेच वळणार असं वाटत होतं, तेवढ्यात तो 'चालेल' म्हणाला आणि त्याने मला पेंढ्यात गुंडाळून खोक्यात ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा हायसं वाटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

दुकानातून मला घरी आणलं ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. मी तिला आईच म्हणते, कारण घरात सगळे तिला आईच म्हणत. तिने माझ्यात बटणं भरली. शिंपल्याची, लाकडाची, पितळी, चार भोकांची, दोन भोकांची, एखादं हरणाच्या डोळ्याएवढं काळंभोर. मशीनच्या शेजारी माझी जागा. ती एका हाताने चाक फिरवायची आणि दुसरा हात न बघता माझ्या पोटात घालून नेमकं हवं ते बटण काढायची. येणाऱ्या बायका कपड्यांची मापं देताना माझ्याकडे बघून म्हणायच्या, काय सुंदर दिसतात हो ही बटणं. मी मनातल्या मनात फुगायचे. खरं तर कौतुक बटणांचं होतं, पण बरणी नसती तर ती सगळ्या घरभर लोळली असती की नाही, तुम्हीच सांगा.

आईला एक लेक होती. पाळण्यातून उतरली ती थेट माझ्याकडेच रांगत आली. माझ्या बुडबुड्याला डोळा लावून ती पलीकडचं जग बघत बसायची. मशीन, खिडकी, आईचे हात, सगळं तिला इवलंसं दिसायचं. तासन्‌तास तिचं तेच चालायचं. आई म्हणायची, या मुलीला एकदा काही बघायला मिळालं की जेवायचंसुद्धा भान राहत नाही.

त्या घरात आई कुणालाच घाबरत नसे. शेजारच्या भांडखोर बाईला नाही, कपडे वेळेवर मागायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना नाही. घाबरायची फक्त कोळ्याला. एकदा दुपारी मशीनच्या वर भिंतीवर एक चांगला तळहाताएवढा कोळी येऊन बसला. आईने पाय वर घेतले. मग काय अंगात आलं कुणास ठाऊक, तिने मला उचललं, सगळी बटणं जमिनीवर ओतली आणि मला उपडी करून भिंतीवर दाणकन मारलं. कोळी माझ्या आत. माझा ओठ मात्र गेला. हा टवका त्या दिवशीचा. आईने कपडा बेतायचा जाड कागद हळूच मध्ये सरकवला, मला अंगापासून लांब धरून खिडकीपर्यंत गेली आणि कोळ्याला बाहेर झटकून आली. तिने त्याला मारलं नाही, हे मी आजही अभिमानाने सांगते.

लेक सगळं बघत होती. तिने विचारलं, "आई, आता तो काय खाणार?"

"त्याचं तो बघेल," आई म्हणाली. "तू बटणं वेच."

लेकीने बटणं वेचली, पण तिचं समाधान झालं नाही हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ती बराच वेळ खिडकीतून खाली वाकून बघत राहिली.

पुढे माझे वाईट दिवस आले. लोक तयार कपडे घेऊ लागले. आईचं काम कमी झालं आणि तिचे डोळेही अधू झाले. सुईत दोरा ओवायला ती शेजारच्या कुणाला तरी हाक मारू लागली. बटणं कुणाकुणाला वाटली गेली. माझ्यात गंजलेल्या टाचण्या, मोडकी कात्री आणि कसले कसले आकडे येऊन पडले आणि माझी रवानगी मशीनच्या खाली झाली. मित्रांनो, रिकामं असणं परवडलं, पण भंगाराने भरलेलं असणं नको. माझ्यावर धुळीचा एवढा थर बसला की बुडबुडासुद्धा दिसेना. लेक शिकायला बाहेर गेली होती. मला वाटलं, आता आपलं संपलं, आता एक दिवस पोतं येणार आणि आपण जाणार.

आणि एक दिवस लेकच आली. मोठी झालेली, चष्मा लावलेली, केस कसेबसे बांधलेले. ती आता कोळ्यांवर संशोधन करत होती. हे ऐकून आईने कपाळावर हात मारला होता म्हणे. इतरांच्या लेकी कुत्री पाळतात, पोपट पाळतात, आमची बया कोळी पाळते, असं ती येईल त्याला सांगायची. पण सांगताना तिच्या आवाजात तक्रार कमी आणि ऐट जास्त असायची. त्या दिवशी लेक घरात डबे शोधत होती. प्रयोगशाळेत कोळी ठेवायला डब्या कमी पडल्या होत्या. ती मशीनखाली वाकली, मला ओढून काढलं आणि पदराने नव्हे, चक्क स्वतःच्या शर्टाच्या टोकाने पुसलं. बुडबुडा दिसला तशी ती हसली.

"परत आण हं," आई म्हणाली. "आणि आणशील तेव्हा धुऊन आण. कोळ्यांची बरणी मी तशीच घरात घेणार नाही."

आता प्रयोगशाळा म्हटलं की तुम्हाला काहीतरी भव्य वाटत असेल. एक लांबट खोली, बस्स. एका भिंतीला फळ्या, दुसऱ्या भिंतीला ओटा आणि नळ, कोपऱ्यात हवा दमट ठेवणारं एक यंत्र, जे दिवसभर घशात काही अडकल्यासारखं घुरघुरतं. फळ्यांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. प्रत्येक डबीत एकच कोळी. दोन ठेवले तर दुसऱ्या दिवशी एकच उरतो, आणि तो जाड झालेला असतो. प्रत्येक डबीत पाण्याने ओला केलेला कापसाचा बोळा, चढायला एक वाळकी काडी, आणि तोंडावर झाकण नसून मलमलीचं फडकं, रबराने घट्ट बांधलेलं. मलमल आईच्या पेटीतली होती. तेवढं एक माहेरचं माणूस माझ्या सोबतीला होतं म्हणा ना.

हे कोळी जाळं विणणारे नव्हेत. हे जमिनीवर धावून शिकार करतात. शेतातली कीड फस्त करतात, म्हणून लेकीला ते पुष्कळ वाढवायचे होते आणि शेतात सोडायचे होते. अडचण एकच. कोळी वाढवायचे तर त्यांना जिवंत माश्या लागतात, आणि माश्या वाढवणं हे कोळी वाढवण्याइतकंच कटकटीचं काम आहे. ते काम शेजारच्या खोलीतला एक जण करायचा. त्याला सगळे माशीमास्तर म्हणत. माणूस सरळ, बोलणं तिरकं. त्याच्या बाटल्यांचा वास भिंत ओलांडून यायचा. लेकीने ठरवलं होतं की माश्यांशिवाय, नुसत्या बनवलेल्या अन्नावर कोळी वाढवून दाखवायचा. वरच्या फळीवरचे कोळी माश्या खात, खालच्या फळीवरचे हे बनवलेलं अन्न. मी खालच्या फळीवर.

ते अन्न म्हणजे दूध, अंड्याचा पिवळा बलक, सोयाबीनची पूड आणि थोडा मध, सगळं एकत्र घोटून पातळ केलेलं. माझ्या वाट्याला आलेलं पिल्लू तेव्हा तिळाएवढं होतं. त्याने ते अन्न बघितलं आणि पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशीही तेच. अन्नात भिजवलेला बोळा जवळ सरकवला की ते पुढचे दोन पाय उगारून अंगावर यायचं. लेक म्हणाली, काय खाष्ट आहे ही. तेव्हापासून तिचं नाव खाष्ट पडलं. मादी निघणार असं लेकीने तेव्हाच धरून ठेवलं होतं.

न हलणारी गोष्ट म्हणजे जेवण, हे कोळ्याच्या गावीच नसतं. मग लेकीने काय केलं माहीत आहे? आईच्या रिळाचा दोरा घेतला, त्याला कापसाचा एवढासा गोळा बांधला, तो अन्नात बुडवला आणि माझ्या तोंडातून आत सोडून हळूहळू नाचवू लागली. माशी कशी थांबते, उडते, परत थांबते, तशी. माशीमास्तर दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, आता हिला मांडीवर घेऊन अंगाई पण म्हण. लेक गोळा नाचवतच राहिली. तेवढ्यात खाष्टने झेप घेतली आणि गोळ्याला घट्ट मिठी मारली. तिने सोडलंच नाही. तिचं पोट फुगताना मला दिसत होतं. लेकीने श्वास सोडला, तो चांगला माझ्या काचेवर धुकं बसेपर्यंत.

त्यानंतर माशीमास्तरच्याच खोलीवर संकट आलं. त्याच्या बाटल्यांमध्ये डोळ्यांना धड दिसत नाहीत असे बारीक किडे शिरले आणि माश्या पटापट मेल्या. वरच्या फळीवर उपासमार सुरू झाली. तेव्हापासून एक कडक नियम झाला. कुठल्याही डबीवरून काढलेलं फडकं ओट्यावर ठेवायचं नाही, थेट कढत पाण्याच्या बादलीत टाकायचं. ती बादली दाराजवळ वाफाळत असायची. हा नियम लक्षात ठेवा. माशीमास्तरचं तिरकं बोलणंही तेव्हापासून कमी झालं. तो स्वतःच म्हणायला लागला, की तुझं ते दूध-अंडं एकदाचं चालू दे बाई, माझ्या माश्यांच्या भरवशावर कुणाचं भलं होणार नाही.

पण ते चालत नव्हतं. कोळ्याची कातडी वाढत नाही. अंग वाढलं की ती तंग होते, आणि मग तो ती उतरवून टाकतो. लहान झालेला सदरा मूल हात वर करून काढतं ना, तसंच. त्याला कात टाकणं म्हणतात. आमच्या फळीवरचे कोळी छान खायचे, वाढायचे, आणि कात टाकताना अडकायचे. निम्मे पाय बाहेर, निम्मे आत, आणि तसेच मरून जायचे. एकेक डबी रिकामी होऊ लागली. लेक प्रत्येक मेलेल्याला चिमट्याने उचलायची, भिंगाखाली धरायची आणि वहीत नोंद करायची. कात टाकायला लागणारी कुठली तरी गोष्ट अन्नात कमी आहे, एवढं तिच्या लक्षात आलं. तिने बलक वाढवला. मग आणखी वाढवला. पण तोवर खालच्या फळीवर एकटी खाष्ट उरली होती.

विभागाच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. बाई वाईट नव्हत्या. खोल्या कमी आणि कामं फार, त्या तरी काय करणार. त्यांनी लेकीला बसवून नीट सांगितलं होतं, की हंगाम संपेपर्यंत या अन्नावर निदान एक तरी कोळी पूर्ण वाढलेला दाखव. एक जगला तर काम पुढे चालेल. नाहीतर ही खोली बियाणं तपासणाऱ्यांना द्यावी लागेल. खाष्टची आता शेवटची कात राहिली होती. ती नीट पडली की खाष्ट पूर्ण वाढलेला कोळी होणार होती. लेकीचं इतक्या वर्षांचं सगळं माझ्या पोटातल्या त्या एका जिवावर येऊन ठेपलं होतं. माझ्यावर केवढी जबाबदारी, विचार करा.

हंगाम संपत आला आणि खाष्टने खाणं सोडलं. दोरा नाचवला तरी ती हलेना. माशीमास्तर म्हणाला, एकतर कात टाकणार आहे, नाहीतर जाणार आहे, दोन्हीच्या आधी असंच करतात. अशा वेळी बरणी हलवायची नाही, उघडायची नाही, पुसायचीसुद्धा नाही. धक्का लागला तर कोळी अडकतो. त्यात माझी काच इतक्या महिन्यांत पांढुरकी झालेली. तो दोष माझा नव्हे, तिथल्या खारट पाण्याचा. पण बाहेरून बघणाऱ्याला आतलं सगळं धूसर दिसायचं, हे खरं.

नेमकं त्याच वेळी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. लेकीला जाणं भाग होतं. ती जाताना माझ्यासमोर वाकून हळूच म्हणाली, "सांभाळ गं." खाष्टला म्हणाली की मला, ते कळलं नाही. मी मात्र ते स्वतःवर घेतलं.

लेक गेली आणि दुपार कलताना खाष्टने कात टाकायला घेतली. ते बघणारी मी एकटीच. तिने तळाशी रेशमाचं पातळ अंथरूण घातलं आणि त्यावर उताणी झाली. मग डोक्याकडची पाठ डबीच्या झाकणासारखी वर उचलली गेली. आतून फिकट, ओलसर अंग दिसू लागलं. ती थोडं ओढायची, थांबायची, परत ओढायची. एकेक पाय मोज्यातून निघावा तसा निघत होता. शेवटचा एक पाय अडकला. मित्रांनो, मी बाकीच्या डब्यांमध्ये हेच बघितलं होतं. असाच एक पाय राहायचा आणि सगळं तिथेच संपायचं. खाष्ट बराच वेळ निपचित पडली. मी काही करू शकत नव्हते. काचेला हात कुठले? मग तिने शेवटचा हिसका दिला आणि तो पाय सुटला. बलकाने आपलं काम केलं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी नुसती तिच्याकडे बघत राहिले.

अंग टणक झाल्यावर ती काडीवरून चढत वर गेली आणि मलमलीच्या फडक्यात, रबराखाली जिथे चुण्या पडल्या होत्या, त्यातल्या एका चुणीत जाऊन बसली. तिचा रंग करडा, फडकं मळून करडं झालेलं. दिसेल तर शपथ. खाली तिची कात पडली होती, आठही पाय पोटाशी घेतलेली, अगदी मेलेल्या कोळ्यासारखी.

दुसऱ्या दिवशी लेक आली ती आईला घेऊनच. डॉक्टरांनी आईच्या डोळ्यावरची पट्टी काढली होती आणि घराच्या वाटेवर प्रयोगशाळा लागत होती. आई काळा चष्मा लावून, पर्स घट्ट धरून, फळ्यांपासून शक्य तितकी लांब एका स्टुलावर बसली. लेक थेट माझ्याकडे आली. ती वाकली. माझ्या पांढुरक्या काचेतून तिने आत बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"गेली," ती म्हणाली.

माशीमास्तर धावत आला. त्यानेही बाहेरूनच बघितलं. पाय आत ओढलेले आहेत, बाकीच्यांसारखेच, असं तो हळू आवाजात म्हणाला. इतके कोळी तसेच गेले होते, की दोघांच्याही मनात दुसरं काही आलंच नाही. मी मोठ्या बाईंना सांगून येतो, असं तो म्हणाला. लेक म्हणाली, नको, मीच जाते. तिचा आवाज अगदी साधा होता, आणि त्याचंच मला वाईट वाटलं. तिने माझं रबर काढलं. फडकं खालून गोळा करून धरलं. आई स्टुलावरून उठली. लेकीचं काय गेलंय हे तिला धड कळत नव्हतं, पण काहीतरी गेलंय हे कळत होतं, आणि अशा वेळी आया काहीतरी काम मागून घेतात. तिने हात पुढे केला आणि फडकं घेतलं. माशीमास्तरने दाराजवळच्या बादलीकडे बोट दाखवलं. त्यात टाका काकू, असं म्हणाला.

मी ओरडत होते. त्याच्यात खाष्ट आहे, अहो त्या फडक्यात खाष्ट आहे. पण बरणीचं कोण ऐकणार? आई बादलीकडे निघाली. वाफ तिच्या चष्म्यावर आली म्हणून तिने तो कपाळावर सरकवला. आणि मग तिची जन्माची सवय आडवी आली. कापड चुरगळलेलं टाकणं तिच्याच्याने कधीच झालं नाही. ती थांबली आणि फडक्याची घडी घालायला लागली. एकीकडून कढत पाणी आणि दुसरीकडून घडी. मला दोन्ही बघवेना.

इकडे लेक माझ्यावर वाकली होती. तिच्या हातात चिमटा होता, पण तो आत घालवेना. तिने माझ्या काठावर कपाळ टेकवलं आणि एक मोठा सुस्कारा सोडला. तो वारा माझ्या तळापर्यंत गेला आणि तिथे पडलेली ती 'मेलेली' खाष्ट उडाली. अलगद उडाली, गिरकी घेतली आणि बुडबुड्यावर जाऊन उताणी पडली.

लेक तशीच थांबली. मेलेल्या जिवाला वजन असतं. सुस्काऱ्याने उडते ती रिकामी कात. तिने आत नीट बघितलं. पाठीचं झाकण उघडं होतं आणि आत काहीच नव्हतं. पायांचे आठही मोजे रिकामे होते. एकही पाय अडकलेला नव्हता.

"आई," लेक म्हणाली, "हलू नकोस. घडी घालू नकोस. आहेस तशी उभी राहा."

"का गं?"

"त्या फडक्यात ती आहे."

मित्रांनो, ज्या बाईने एका कोळ्यापायी माझा ओठ फोडला होता, ती बाई त्या क्षणी वाफाळत्या बादलीपासून एका पावलावर उभी होती, आणि तिच्या बोटांमध्ये कोळी होता. तिने फडकं झटकलं असतं तरी तिला कुणी बोललं नसतं. तिने झटकलं नाही. तिने फडकं दोन्ही हातांनी तसंच धरून ठेवलं आणि ती उभी राहिली. चुणीतून आधी दोन पाय बाहेर आले. मग खाष्ट सगळीच बाहेर आली आणि सावकाश चालत आईच्या अंगठ्यावर जाऊन बसली. ही आमची खाष्ट, जिला जवळ आलेला बोळासुद्धा खपत नसे. त्या अंगठ्यावर मात्र ती गप्प बसली.

आई तिच्याकडे बघत होती. किती वर्षांनी तिला काहीतरी इतकं स्वच्छ दिसत होतं.

"अगं, हिला डोळे आहेत," आई म्हणाली. "बटणांसारखे. माझ्याकडेच बघतेय ही." आणि मग तिने विचारलं, "आता ही काय खाणार?"

लेकीला हसू आलं आणि त्यातच रडू आलं. तिने मला आईच्या हाताखाली धरलं आणि काडीने खाष्टला हळूच आत ढकललं.

"तिचं मी बघते, आई," ती म्हणाली. "तू बस आता."

आई बसली ती स्टूल चुकवून जमिनीवरच. माशीमास्तरने तिला पाणी आणून दिलं आणि ग्लास तिच्या हातात द्यायच्या आधी अर्धा स्वतःच प्यायला, इतका तो हबकला होता. सगळ्यांना एकदम हसू सुटलं. माझा जीव भांड्यात पडला, आणि खाष्टचाही. मोठ्या बाई आल्या. त्यांनी खाष्टला भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या की मादी आहे, पूर्ण वाढलेली आहे, खोली राहील. एवढंच बोलून त्या निघाल्या, पण दारातून परत वळल्या आणि आणखी एकदा बघून गेल्या.

लेकीने मला त्याच आठवड्यात व्हिनेगर लावून घासलं. सगळा पांढुरका थर गेला. मी पुन्हा लख्ख झाले, बुडबुड्यासकट. ती मला घरी परत न्यायला निघाली होती, कबूल केल्याप्रमाणे, धुऊन. आई नको म्हणाली. म्हणाली, घरी आणून मी तिच्यात काय भरू, टाचण्या? तिथे ती भरलेली आहे, राहू दे तिथेच. उलट तिनेच प्रयोगशाळेसाठी नवी फडकी शिवून पाठवली. तिला आता सुईत दोरा ओवता येतो. सगळ्या फडक्यांना कडेने इलॅस्टिक आहे आणि तोंडावर ताणून बसवलं की एकालाही चुणी पडत नाही.

मधे लेकीने वरच्या फळीवर तगलेला एक नर थोडा वेळ खाष्टच्या सोबतीला सोडला होता. आज माझ्या पोटात खाष्ट आहे आणि तिच्या पाठीवर तिची पिल्लं दाटीवाटीने बसली आहेत. लवकरच ती एकेकाच्या डबीत जातील आणि लेक त्यांच्यापुढे दोरा नाचवेल. काही हट्ट करतील. आपल्या आईवर, खाष्टवर गेली असणार, दुसरं काय.

मित्रांनो, मी काही फार शहाणी नाही. एक टवका उडालेली बरणी आहे मी. पण एवढं तुम्हाला हात जोडून सांगते, मला हात नाहीत तरी. तुमच्या घरात, मशीनखाली, पलंगाखाली, माळ्यावर जे जुनं पडलं असेल, त्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा. काच मळली की आतलं जिवंतसुद्धा मेलेलं दिसतं. आणि काहीही टाकून द्यायच्या आधी, अगदी एवढंसं फडकं का असेना, एकदा उलगडून बघा. कढत पाण्याच्या बादलीला काय, ती कधीही मिळेल.